सिडनी हार्बरची जेट बोट: कुठे बसावं, किती भिजतो, आणि आईला न्यावं का?

रानवारा
नमस्कार मंडळी. मे अखेरीस सिडनीला चाललोय, बहीण असते तिथे. मी, बायको, मुलगा १४ वर्षांचा, मुलगी ८ ची आणि आई, वय ६७. मुलाने कुठेतरी व्हिडिओत ती ऑपेरा हाऊसच्या मागे सुसाट जाणारी आणि मग गर्रकन फिरणारी जेट बोट पाहिली आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. बहीण म्हणते मस्त असतं, पण ती स्वतः कधी बसलेली नाही, भाऊजी म्हणतात नुसता पैशाचा चुराडा, तेही बसलेले नाहीत, त्यामुळे इथे विचारतोय.

तर प्रश्न असे की एक, पुढे बसावं का मागे, म्हणजे मजा कुठे जास्त आणि कमी भिजायला कुठे होतं. दोन, तिथे तेव्हा थंडी सुरू होत असते ना, मग भिजून कुडकुडायला होतं का. तीन, मला सहाचा नंबर आहे, चष्मा उडाला तर मी पुढची ट्रिप अंदाजपंचे करणार. चार, ती बोट एवढी फिरते तर उलटत कशी नाही, हे मुलगी विचारतेय (खरं म्हणजे मीच विचारतोय). आणि पाचवा खरा प्रश्न आईचा. कंबरेचा जुना त्रास आहे, मणक्यात गॅप आहे असं डॉक्टर म्हणालेले, पण रोज तासभर चालते, जिने चढते. मी तिला म्हटलं तू काठावर बस, तर म्हणाली एवढ्या लांब येऊन तुमच्या पर्सा सांभाळत बसू का मी. आता बोला.

गल्लीतला_सिंदबाद
जा जा जा, काही विचार करू नका!! मी आणि रूममेट गेलो होतो, ओरडून ओरडून घसा बसला, अंडरपँटपर्यंत भिजलो, उतरल्यावर दोघंही येड्यासारखे हसत होतो. सर्वात पुढची रांग पकडा. बाकी काकूंचं मला माहीत नाही, पण पर्सांचा मुद्दा पटला.

भरतीओहोटी
सिडनीतच राहते, पाहुणे आले की हे काम माझ्याकडे येतं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बोटी 'सर्क्युलर की' (Quay) आणि डार्लिंग हार्बर अशा दोन्ही धक्क्यांवरून सुटतात. राइड साधारण अर्ध्या तासाची धरा, त्यातली सुरुवातीची आणि शेवटची काही मिनिटं एकदम सावकाश जाते बोट, कारण धक्क्याजवळ वेगमर्यादा कडक आहे, फेऱ्यांची, म्हणजे प्रवासी फेरीबोटींची, सतत ये-जा असते. फोटो काढायचे तर तेवढ्याच वेळात, आणि मग फोन आत. झिप असलेल्या आतल्या खिशात, नुसता जॅकेटच्या खिशात नाही. ऑपेरा हाऊस मागे पडलं, फोर्ट डेनिसनचं बेट ओलांडलं, की मग स्किपर, म्हणजे बोट चालवणारा, मागे वळून विचारतो तयार का, आणि मग जे काय सुरू होतं ते होतं. वेग ताशी ७५ किलोमीटरच्या आसपास जातो. गाडीत हा वेग काहीच वाटत नाही, पण उघड्या बोटीत पाण्यापासून हातभर उंचीवर बसून तोच वेग भलताच वाटतो.

थंडीचं म्हणाल तर जूनमध्ये इथे दुपारी सुद्धा १६-१७ अंश असतं, मे अखेरीस थोडं जास्त. गंमत अशी की हवेपेक्षा पाणी उबदार असतं त्या दिवसांत, त्यामुळे अंगावर लाट येते तेव्हा काही वाटत नाही, खरी थंडी नंतर परत येताना वाऱ्याने वाजते. ते जे पातळ पोंचो देतात त्याने पोटापर्यंतचा भाग वाचतो एवढंच, पाणी मानेतून आत शिरतं आणि बाहीतून बाहेर येतं. जीन्स घालून जाऊ नका, वाळतच नाही दिवसभर. प्रत्येकाचा एक पूर्ण कोरडा जोड आणि टॉवेल काठावर कुणाकडे तरी ठेवा, मुलांचे मोजे विसरू नका. आणि तुमच्या दिवसांत सूर्य पाचच्या आतच मावळतो, तेव्हा चारची राइड घेऊ नका, सकाळी उन्हं वर आल्यावर किंवा भर दुपारी घ्या. मे अखेरीस विविड नावाचा उत्सव सुरू होतो, ऑपेरा हाऊसवर आणि हार्बरच्या पुलावर लाइटचे खेळ असतात, त्यामुळे संध्याकाळी सर्क्युलर कीला मुंगी शिरणार नाही इतकी गर्दी. कोरडे होऊन, जेवून मग संध्याकाळी ते बघायला या.

चष्म्याला मागून बांधायचा पट्टा मिळतो, इलॅस्टिकचा, तो तिकडून निघतानाच घेऊन या. तुमचा सहाचा नंबर आहे तर चष्मा काढून बसायचा प्रश्नच नाही, पट्टा घट्ट करा आणि जुना चष्मा असेल तर तो लावा. काचेवर खारं पाणी सुकलं की पांढरे डाग पडतात, कपड्याने कोरडं पुसू नका, आधी गोड्या पाण्याने धुवा.

मुलीचं वय ८ ठीक आहे पण बहुतेक ठिकाणी वयापेक्षा उंची बघतात. पाय खाली टेकले पाहिजेत आणि समोरच्या दांड्यापर्यंत हात पोचला पाहिजे, यासाठी. प्रत्येकाचा नियम वेगळा, बुक करण्याआधी तिची उंची मोजून विचारून घ्या.

उंटावरचा_शहाणा
सिंदबादभाऊंचा उत्साह मान्य, पण मी विरोधी बाकावर बसतो. सिडनीचं बंदर हे जगातल्या सर्वात देखण्या बंदरांपैकी एक, आणि तुम्ही ते ताशी ७५ ने डोळे मिटून बघणार? त्या राइडमध्ये दिसत काही नाही हो. जिथे या बोटी गरागरा फिरतात त्याच्या जवळच उत्तरेच्या काठावर ब्रॅडलीज हेड नावाचं टोक आहे, तिथे एका युद्धनौकेची डोलकाठी उभी करून ठेवली आहे. ती नौका म्हणजे पहिली 'सिडनी'. १९१४ च्या सप्टेंबरात जर्मनांच्या एमडेन या युद्धनौकेने मद्रासवर तोफा डागल्या आणि तेलाच्या टाक्या पेटवल्या, हे आपल्याकडे शाळेत कधीतरी वाचलेलं असतं बघा, त्या एमडेनला नोव्हेंबरात कोकोस बेटांजवळ गाठून निकामी करणारी ती हीच. आपल्या इतिहासाचा एक धागा तिथे काठावर उभा आहे आणि बोटीतले पंचवीस लोक त्याच्यासमोर किंचाळत गोल फिरतायत. माझं म्हणणं एवढंच की तेवढ्या पैशात अख्ख्या कुटुंबाचं फेरीने दिवसभर फिरणं होतं आणि दिसतं पण.

गल्लीतला_सिंदबाद
शहाणे काका, डोलकाठी बघायला १४ वर्षांचा पोरगा येणारे का सांगा :)

आणि एक, माझ्या एका मित्राला वाटलं की जेट बोट म्हणजे ती आपण स्वतः चालवतो ती स्कूटरसारखी. ते वेगळं.

भरतीओहोटी
हो, ती जेट स्की. सिडनी हार्बरमध्ये जेट स्कीवर २००१ पासून बंदीच आहे, त्यामुळे तिथे कुणी भाड्याने देतो म्हणाला तर समजून जा. जेट बोट लायसन्सवाला स्किपर चालवतो, आपण फक्त धरून बसायचं.

स्पॅनर
तुमच्या मुलीचा प्रश्न सर्वात चांगला आहे, उलटत का नाही. मी मरीन इंजिनांवर काम करतो, सांगायचा प्रयत्न करतो, जरा लांबण लागेल.

साध्या मोटरबोटीला खाली पंखा असतो आणि वळवायला सुकाणू, दोन्ही तळाच्या खाली लोंबत असतात. जेट बोटीच्या तळाखाली काहीच लोंबत नाही. तळाला एक जाळीचं तोंड असतं, तिथून पाणी आत खेचलं जातं, आत इंपेलर, म्हणजे फिरणाऱ्या पात्यांचं चाक, त्याला जोरात मागे ढकलतो आणि ते मागच्या अरुंद नोझलमधून झोतासारखं बाहेर पडतं. बागेत पाइपचं तोंड दाबलं की पाणी पुढे उडतं आणि पाइप हाताला मागे ढकलतो, तोच प्रकार, फक्त इथे शेकडो हॉर्सपॉवरचा. वळवायचं म्हणजे ते नोझलच डावी-उजवीकडे फिरवायचं. आणि थांबायचं असेल तर नोझलच्या मागे एक वाकडी वाटी खाली येते, तिला बकेट म्हणतात, झोत तिच्यावर आपटून पुढच्या दिशेला वळतो. म्हणजे इंजिन फुल चालू आणि बोट मागे ओढली जाते. त्यामुळे ती इतक्या कमी अंतरात थांबते की नाक पाण्यात खुपसतं आणि पुढून हिरवी भिंत अंगावर येते. सिंदबादची अंडरपँट भिजली ती तिथे.

आता फिरण्याचं. ज्या बोटीला खाली खोल कणा असतो ती वळताना पाण्याला धरून ठेवते. जेट बोटीचा तळ बराच सपाट, मागचा भाग पाण्यावरून घसरू शकतो, त्यामुळे स्किपरने वेगात असताना नोझल पूर्ण वळवलं की पुढचा भाग पकडून राहतो आणि मागचा भाग सरकत सरकत बाहेरून फिरून येतो, पाऊण गोल तर सहज. घसरते म्हणून उलटत नाही, असं सांगा तिला. जर खाली काही अडकून धरणारं असतं तर याच वेगात ती कलंडली असती. शिवाय इंजिनं जड आणि अगदी तळाशी, माणसं पण खाली बसलेली, बोट रुंद, म्हणजे वजन सगळं खालीच. म्हणूनच उभं राहू देत नाहीत कुणाला.

अजून एक गंमत जी फार लोकांना माहीत नसते. थ्रॉटल, म्हणजे गॅस, सोडला की झोत बंद, आणि झोत बंद की स्टिअरिंग पण बंद, कारण वळवायला दुसरं काही नाहीच. घाबरून गॅस सोडणारा नवशिका सरळ जाऊन धडकतो तो यामुळे, जेट स्कीच्या अपघातांत हे बरेचदा असतं. स्किपर वळणात उलट गॅस देतो. मुलाला सांगा इंजिनाचा आवाज ऐक, आवाज चढला की लगेच दांडा धर.

हे सगळं डोकं न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टनचं, कँटरबरीकडे मेंढ्यांचा मोठा फार्म होता त्याचा. तिथल्या नद्या पसरट, गोट्यांच्या, कुठे कुठे पाणी घोट्याएवढं, पंख्याची बोट दगडाला लागून मोडायची. पाण्याच्या झोतावर बोट चालवायची कल्पना आधीची आहे, पण ती नीट कामाला लावली त्याने १९५० च्या दशकात. १९६० मध्ये तर त्याच्या बोटी ग्रँड कॅन्यनमधून कोलोरॅडो नदीच्या प्रवाहाविरुद्ध वर चढवून नेल्या. म्हणजे मूळ गरज उथळ पाण्याची. सिडनीत मोठाली क्रूझ जहाजं शहराच्या पार कुशीत येऊन लागतात इतकं खोल पाणी आहे, तिथे उथळपणाचा काही उपयोग नाही, तिथे फक्त फिरणं आणि थांबणं याचे पैसे घेतात :)

रानवारा
वा, स्पॅनरभाऊ, मुलीला वाचून दाखवलं, ती आता आंघोळीच्या मगाला बकेट म्हणून हँडशॉवरपुढे धरतेय आणि बाथरूमचं हार्बर झालंय. भरतीओहोटीताई, चष्म्याचा पट्टा नोट केला. शहाणे साहेब, एमडेनचं माहीत नव्हतं, ती डोलकाठी नक्की बघणार.

पण आईचं कुणीच सांगत नाहीये.

फिजिओ_मुक्ता
मी सांगते, आणि ते काकूंना आवडणार नाही.

नेऊ नका. फिरण्याची भीती नाहीये मला, भीती आपटण्याची आहे. बोट फेरीच्या किंवा दुसऱ्या बोटीच्या लाटेवरून वेगात जाते तेव्हा पुढचा भाग हवेत उचलला जातो आणि परत पाण्यावर आदळतो, त्या वेगात पाणी जमिनीएवढंच कडक लागतं. आपण बसलेले असतो, म्हणजे पाय धक्का खात नाहीत, तो सगळा सीटमधून थेट मणक्यांतून वर जातो. त्याचा जोर येतो छातीचा कणा संपून कंबरेचा सुरू होतो त्या जागी. वेगवान उघड्या बोटींवर पर्यटकांचे मणके असे दबून फ्रॅक्चर झाल्याच्या केसेस वैद्यकीय जर्नलमध्ये आहेत, आणि त्यात पुढच्या सीटवरचे जास्त दिसतात, कारण बोट मागच्या टोकाभोवती झुलते आणि सर्वात जास्त उचललं जातं पुढचं टोक. पाळी जाऊन पंधरा-वीस वर्षं झालेल्या बाईची हाडं बाहेरून कळत नाहीत. तासभर चालणं चांगलंच आहे पण त्यावरून मणक्याची ताकद ठरत नाही. हाडांची घनता तपासली आहे का कधी? नसेल तर ट्रिप असो नसो, ती करून घ्या.

शिवाय बसण्याआधी फॉर्मवर सही घेतात, त्यात पाठ, मान, हृदय, नुकतं ऑपरेशन, गरोदरपण असं सगळं विचारलेलं असतं. तिथे खोटं लिहून बसलात आणि काही झालं तर प्रवासाचा विमा हात वर करेल. परदेशात, मणक्याचा एमआरआय, स्वतःच्या खिशातून. विचार करा.

बाकीच्यांसाठी. पाय पूर्ण टेकवून बसा, दोन्ही हात दांड्यावर, आदळायच्या वेळी पार्श्वभाग किंचित उचलून वजन पायांवर घ्या. मान वळवून शेजारच्याचा व्हिडिओ काढायचा नाही, फिरताना मान आखडते ती तिथेच. मुलीला मधल्या रांगेत आणि रांगेतही मध्ये बसवा, एका बाजूला तिची आई एका बाजूला बाबा. कडेच्या सीटवाल्यांना फिरताना पाणी मिळतं, पुढच्यांना ब्रेक मारताना, मागे धक्का कमी पण तुषार येत राहतात, त्यामुळे कोरडी सीट अशी नाहीच, कमी-जास्त ओली एवढंच. मुलाला पुढे बसू दे, चौदाव्या वर्षी मणके रबराचे असतात. आणि ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी अर्धा-एक तास आधी घ्यावी, बोटीत चढल्यावर घेऊन उपयोग नाही. खरं तर गोल फिरताना कमी लागते, थांबून हेलकावे खाताना जास्त लागते.

रानवारा
मुक्ताताई, आईला मोठ्याने वाचून दाखवलं. हाडांच्या तपासणीपर्यंत ऐकून घेतलं, मग म्हणाली ठीक आहे, पण त्या बाईंना विचार मग मी काय बघू. घनतेची टेस्ट या आठवड्यात करून घेतोय.

उंटावरचा_शहाणा
आता माझी पाळी. काकूंना मॅन्ली या उपनगराला जाणाऱ्या फेरीत बसवा. सर्क्युलर कीवरून सुटते, क्रेडिट कार्ड टॅप करून बसता येतं, अर्धा तास जायला. वेगवेगळ्या फेऱ्या आहेत, त्यातली मोठी, हिरव्या-पिवळ्या रंगाची, दोन मजली बघून चढा, छोटी जलद असते ती नको. जाताना उजव्या बाजूला बाहेरच्या बाकावर बसायचं. धक्का सोडला की लगेच उजव्या हाताला ऑपेरा हाऊस इतकं जवळून जातं की पांढऱ्या पाकळ्यांवरच्या फरशा वेगवेगळ्या दिसतात, आणि कळतं की त्या पांढऱ्याशुभ्र नाहीतच, काही चकचकीत आणि काही दुधाळ मळकट. वळून बघितलं तर पूल पूर्ण कमानीसकट मागे. तो १९३२ चा, ऑपेरा हाऊस १९७३ चं. डावीकडे ब्रॅडलीज हेडला एक मिनिट उठून डोलकाठी बघायची आणि परत येऊन बसायचं, तोवर जागा कुणी घेतली तर मी जबाबदार नाही.

आणि थरार हवाच असेल तर तोही आहे. मॅन्लीच्या जरा आधी हेड्स लागतात, दोन उभ्या कड्यांच्या मधून बंदर समुद्राला उघडतं. तिथे बाहेरची लाट आत येते आणि फेरी काही मिनिटं चांगली डुलते. एवढ्या मोठ्या बोटीचं डुलणं सावकाश असतं, कंबरेला त्रास नाही, पोटात मात्र गोळा येतो. काकूंना सांगा कठड्याजवळ बसून दांडा धरा आणि जमलं तर किंचाळा.

भरतीओहोटी
हे बेस्ट. आणि त्यांना तुमची राइड पण बघायची असेल तर सर्क्युलर कीच्या धक्क्यावर बसवू नका, तिथून फक्त हळू जाणारी बोट दिसते. बोटॅनिक गार्डनमधून पाण्याच्या कडेकडेने चालत मिसेस मॅक्वारीज चेअर आहे त्या टोकापर्यंत न्या, रमतगमत अर्धा तास, त्या रोज तासभर चालतात म्हणजे काहीच नाही. त्या टोकावरून फोर्ट डेनिसन अगदी समोर आणि पलीकडे ब्रॅडलीज हेडपर्यंतचं पाणी उघडं दिसतं. दुर्बीण द्या हातात. बहिणीला बरोबर पाठवा म्हणजे कोरडे कपडे, पर्सा, सगळं तिच्याकडे आणि काकू मोकळ्या.

गल्लीतला_सिंदबाद
पर्सांचा प्रश्न सुटला. बहिणीला कुणी विचारलं का पण?

रानवारा
बहिणीला आत्ताच फोन झाला, हो म्हणाली, भाऊजी पण काठावर, कारण त्यांचं मत कायम आहे. मुलीची उंची मोजली, पास होईल असं वाटतंय, तरी विचारून घेतो. आता वेळ सकाळची घ्यावी का दुपारची? बहीण म्हणते वाऱ्यावर असतं सगळं.

उंटावरचा_शहाणा
बरोबर म्हणते. उन्हाळ्यात दुपारनंतर ईशान्येचा समुद्री वारा सुटून पाणी खवळतं म्हणून सकाळ चांगली, पण तुमच्या दिवसांत जोराचा वारा येतो तो बहुतेक पश्चिमेकडून आणि त्याला वेळकाळ नाही. आदल्या रात्री तिथल्या हवामान खात्याच्या साइटवर मरीन फोरकास्टमध्ये सिडनी एन्क्लोज्ड वॉटर्स म्हणून बंदरासाठी वेगळा अंदाज असतो तो बघा, वाऱ्याचा वेग नॉटमध्ये (ताशी सागरी मैल) दिलेला असतो. १० च्या आत असेल तर पाणी गुळगुळीत, मुलीला न्यायला उत्तम. २० च्या वर दाखवत असेल तर दिवस बदलून मिळतो का विचारा, त्या दिवशी मुक्ताताईंनी सांगितलेलं आपटणं सगळ्यांच्याच वाट्याला येणार. बुक करतानाच दिवस बदलायची अट काय आहे ते वाचून ठेवा आणि ट्रिपच्या शेवटच्या दिवसाचं बुकिंग करू नका, म्हणजे सरकवायला जागा राहते.